कापसाची ऊब

माझा आवाज देवगाव फाट्यावर ऐकू जातो, असं आमच्या गावात म्हणतात. फाटा गावापासून चांगला लांब आहे, म्हणजे ही चेष्टा आहे हे मलाही कळतं. पण आग असल्याशिवाय धूर निघत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एका बाजूला माझी चौथी, दुसऱ्या बाजूला पहिली, आणि मधली भिंत अर्धीच. अशा ठिकाणी हळू बोलणारी बाई आठवडाभर टिकायची नाही. दिवसभर तापवलेला तो घसा मी संध्याकाळी घरी आणते, आणि घरी माझी सासू असते.

सासूला मी आत्या म्हणते. आमच्याकडं तशी रीतच आहे, मग ती सख्खी आत्या असो की नसो. अंगानं बारीक, कमरेत जराशी वाकलेली, पण जीभ अशी की विळ्याला धार लावायची गरज नाही. मी बसमधून उतरून उंबऱ्यात पाय ठेवला की सुरू व्हायची, "आली का बाई साळा तोडून? दूध उतू गेलं, मांजरीनं भाकर नेली, अन् ही आली आत्ता." मी चप्पल काढायच्या आधी उत्तर देणार. "मांजर तुमच्याच समोरून गेली असंल की आत्या, तुमी काय तिला वाटी लावायला बसल्या होता?" मग चूल पेटेपर्यंत आमचं चालायचं. माझा नवरा तेवढा वेळ म्हशीजवळ जाऊन बसायचा. गावात इतक्या मायेनं सांभाळलेली म्हैस दुसरी नसेल.

लोकांना वाटायचं, या सासू-सुनेचं काही पटत नाही. कसलं न पटणं! शाळेत तपासणी असली, मी थकून आले आणि मुकाट्यानं भाकरी थापायला बसले, की आत्या दहा वेळा माझ्या तोंडाकडं बघायची. "डोस्कं दुखायलंय का गं? बोलत कामून न्हाईस?" मी काहीतरी तिखट बोलले की मगच तिचा जीव भांड्यात पडायचा.

तर त्या वर्षीच्या कापसाची गोष्ट सांगायची आहे.

आमच्या भागात दिवाळीनंतर कुणाच्याही घरात डोकावून बघा, एक खोली कापसानं भरलेली असते. होळीपर्यंत भाव चढेल म्हणून लोक थांबतात. माणसं ओसरीवर निजतात आणि कापूस आत. आमच्याही आतल्या खोलीत पत्र्याला टेकेल एवढा ढीग होता. पण त्या वर्षी परतीच्या पावसानं फुटलेली बोंडं झाडावरच भिजवली होती. पांढऱ्या कापसाबरोबर कवडी, म्हणजे पिवळा-काळा डागी कापूस, बरीच आली. आत्यानं ती अंगणात पसरून, हलवून हलवून वाळवली. वरून वाळली. ढिगात हात घातला की मात्र आतून कोमट लागायचं आणि एक कोंदट वास यायचा, पेटीत वर्षभर घडी घालून ठेवलेल्या गोधडीला येतो तसा. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पावसाचं वर्ष असलं की असा वास येतोच.

आणि हा ढीग म्हणजे आमच्याकडची ऊब. थंडीत लेकरं त्यात शिरून बसतात. बाळंतिणीला पाठ शेकायला त्याच खोलीत नेतात. अंगाला खाज सुटते खरी, पण दोन गोधड्यांनी जात नाही ती थंडी कापसात जाते. आत्याचा तर त्यावर देवासारखा विश्वास. आमच्या घरात देव नाहीत, भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, म्हणून म्हणते की तिचा जो काही नवस-सायास होता तो सगळा पांघरुणाचा. "पांघर गं. कान झाक. पायात घाल." मे महिन्यातसुद्धा माझ्या नवऱ्याच्या अंगावर तिनं चादर टाकलेली मी पाहिली आहे.

याला कारण होतं. आत्या तरुणपणी सासऱ्यांबरोबर ऊस तोडायला जायची. तेव्हा आमची जमीन नव्हती. एका हंगामात तिची पहिली लेक, अंगावर पिणारी, फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत तापानं गेली. कोपीला दार नसतं, वारा सरळ आत येतो. लेकरू गोणपाटात गुंडाळून आत्या उसाच्या फडात गेली होती. परत आली तर लेकरू निपचित. "थंडी लागली तिला," एवढंच आत्या म्हणते. त्यापुढं ती काही सांगत नाही आणि आम्ही कुणी विचारत नाही.

जानेवारीत माझा वर्ग खोकायला लागला. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर, पाढे म्हणताना निम्मा वर्ग शिंकतोय. मग मी. पहिल्या दिवशी वाटलं सर्दी आहे, दुसऱ्या दिवशी उभं राहता येईना. हाडं कुणी मुसळानं कांडल्यासारखी. सेलूच्या दवाखान्यात नाकात काडी घालून तपासणी केली, फ्लू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, आराम करा, भरपूर पाणी प्या. छातीत घरघर होती म्हणून सुया दिल्या, बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या.

घरी आले तर आत्यानं सगळी तयारी करून ठेवलेली. कापसाच्या ढिगात दोन्ही हातांनी उकरून तिनं माणसाएवढी जागा केली होती. त्यात तिचं स्वतःचं जुनं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं लुगडं अंथरलं होतं. मला त्यात निजवलं आणि गळ्यापर्यंत कापूस ओढला.

"आता बघ कसा घाम निघतो. गुमान पड."

मी गुमान पडले. ती उशाशी बसून राहिली. ज्वारीच्या कण्या पातळ करून चमच्यानं भरवल्या. माझं तोंड आपल्या पदरानं पुसलं. ज्या बाईनं मला कधी 'बरी दिसतेस' म्हटलं नव्हतं, ती माझ्या कपाळावरचे केस मागं सारत होती. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. मला आजारपणात असं कुणी जवळ घेतल्याचं आठवत नव्हतं. मी तापाचं निमित्त करून रडून घेतलं. आत्याला वाटलं डोकं दुखतंय, तिनं डोकं दाबलं.

ताप उतरला. मी उठले, अंघोळ केली, शाळेत जाते म्हणाले. आत्या म्हणाली, "जा, जा, तुज्याबिगर साळा बुडायलीय." मी म्हणाले, "बुडायलीच हाय." घरात पुन्हा आवाज सुरू झाला. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

आठवडा झाला नसेल, ताप परत आला. या वेळी वेगळाच. उजव्या कुशीत श्वास घेतला की सुरी खुपसल्यागत कळ. खोकल्यात एके दिवशी लाल धागा दिसला. आणि दम! ओसरीपासून मोरीपर्यंत गेले की भिंत धरून उभी राहायचे. बोलायला गेले तर तीन शब्दांवर अडायचे. वाक्य मनात पूर्ण असायचं, पण ते ओढायला हवाच नसायची.

आत्यानं आपली परीक्षा घेऊन बघितली. संध्याकाळी मुद्दाम माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुज्या माहेरच्यांनी तुला नुसतं बोलायला शिकवलं, सैपाक न्हाई शिकवला." हे म्हणजे आमच्यातलं ठेवणीतलं हत्यार. यावर मी कधी गप्प राहिलेली नाही. मी तोंड उघडलं, "तुमच्या... लेकाला..." आणि खोकल्यानं वाकले. वर बघितलं तर आत्याचा चेहरा पांढराफटक. ती उठली, कापसातली खळगी आणखी खोल केली आणि मला परत त्यात निजवलं. या वेळी हनुवटीपर्यंत. अधूनमधून कापूस थोपटत राहिली.

परत सेलूला दाखवलं. एक्स-रेत डाग दिसला. सगळ्यांच्या डोळ्यांत तोच एक शब्द, पण तोंडावर कुणी आणेना. थुंकी तपासली, टीबी नव्हता. ताकदीची औषधं झाली, उतार नाही. तेव्हा नवऱ्यानं म्हशीचा दोर त्याच्या भावाच्या हातात दिला आणि मला घेऊन नांदेडची गाडी धरली. आत्या स्टेशनपर्यंत आली. थंडी नव्हती तरी माझ्या खांद्यावरची शाल तिनं तीनदा सारखी केली. वाटेत पिंगळी स्टेशनात गाडी बराच वेळ थांबली. नवऱ्यानं खिडकीतून चहा घेतला, कप माझ्या ओठाला लावून धरला, आणि मला फुंकर घालता आली नाही. एवढीशी गोष्ट. पण तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली की मी मरणार. मरणाला मी भीत नाही असं शाळेत बऱ्याचदा ऐटीत म्हटलं होतं. खोटं होतं ते, मी फार भ्याले. नवऱ्याचा हात धरला तो नांदेडपर्यंत सोडला नाही.

नांदेडच्या डॉक्टर छातीच्या आजारांच्या. माझ्याच वयाच्या बाई, बोलणं शांत. त्यांनी ऑक्सिजन लावला, स्कॅन काढला, मग नाकावाटे दुर्बीण घालून छातीतलं पाणी तपासायला घेतलं. उत्तर आलं तेव्हा त्या खुर्ची ओढून माझ्या खाटेशी बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या फुप्फुसात बुरशी शिरली आहे. एक लहान भोकही पडलंय."

"बुरशी?" नवरा म्हणाला. "भाकरीवर येती ती?"

"तिचीच भाऊबंद समजा," त्या हसल्या. मग नीट समजावून सांगितलं. बुरशीचे कण हवेत सगळीकडेच असतात. आपण सगळेच ते रोज नाकातून आत घेतो, धडधाकट माणसाचं काही बिघडत नाही. पण फ्लूनं माझ्या श्वासनळ्यांची आतली साल सोलून काढली होती. त्यात त्या पांढऱ्या गोळ्यांनी अंगातली झुंजायची ताकद काही दिवस कमी केली. उघड्या जखमेवर कण पडले आणि रुजले. असं फार क्वचित होतं, हजारो फ्लूवाले खोकून बरे होतात. पण झालं की ते लवकर ओळखावं लागतं, नाहीतर माणूस हातचं जातं.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही ताप आला तेव्हा कुठं झोपत होता? घरात ओल आहे का? धान्य, भुसा, असं काही साठवलंय?"

मी नवऱ्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. मी हळूहळू, तीन तीन शब्दांत, सगळं सांगितलं. ढीग, कवडी, वास, हनुवटीपर्यंत कापूस. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"त्यामुळंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"माझी... ठोकून... बघा," मी म्हणाले. तेवढ्यातही माझी जीभ वळवळली. त्या खळखळून हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "पण तो कापूस घरात असेपर्यंत तुम्ही त्या घरात जायचं नाही. आणि घरातल्या बाकीच्यांनीही त्यात निजायचं नाही. याला पर्याय नाही."

त्या गेल्या. आमच्या दोघांच्याही मनात एकच. आत्या. ज्या बाईचं एक लेकरू थंडीनं गेलं असं ती जन्मभर समजते, तिला कसं सांगायचं की आता तू ज्या उबेत निजवलंस तिनं सुनेच्या छातीला भोक पाडलं? ती जेवण सोडेल. ती रात्रीची बसून राहील. नवरा म्हणाला, "तिला कळलं तर ती वाचायची न्हाई." मीही मान हलवली. असं ठरलं की आत्याला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, आणि कापूस मात्र घरातून गेलाच पाहिजे.

पण आत्या कापूस विकू देईना. "भाव कुटं आलाय? समदं गाव थांबलंय, आपल्यालाच कशाची घाई?" नवऱ्यानं गावी जाऊन दवाखान्याचं कारण काढलं, तर तिनं गळ्यातले मणी काढून दिले, दवाखान्याला हे मोड, कापूस राहू दे म्हणून. शेवटी तो परत आल्यावर मी म्हटलं, फोन मला द्या. वाईटपणा घ्यायचाच तर मी घेते. तशीही गावात माझी कीर्ती चांगली आहेच.

"आत्या," मी म्हणाले, "तो कापूस... विकून टाका."

"बरी हायेस का गं? काय खाल्लंस?"

"कापूस असेपर्यंत... मी त्या घरात... पाय ठेवणार न्हाई."

"कामून? कापसानं तुजं काय घोडं मारलं?"

मला एखादं बरं खोटं सुचायला हवं होतं. पण दम लागला होता आणि लांब खोटं बोलायलाही हवा लागते. मी म्हणाले, "वैताग आलाय मला... त्या खोलीचा... त्या कापसाचा... खाजेचा. माणसानं... असं राहायचं असतं का?"

मग आत्याचा आवाज आला, "त्या कापसात मी तुला पोटच्या लेकीवाणी निजवलं व्हतं," आणि फोन बंद झाला.

मी उशीत तोंड घालून रडले. ऑक्सिजनची नळी निसटली म्हणून सिस्टर रागावल्या.

कापूस गेला. नवऱ्यानं तोंडाला फडकं बांधून गाडीत भरला, खोली पाण्यानं धुतली, चुना मारला, पंधरा दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या. मी दवाखान्यातून सुटून परभणीला माझ्या भावाच्या घरी राहिले, कारण सारखी तपासणी होती. बुरशीच्या गोळ्या फार दिवस घ्याव्या लागतात आणि त्या गोळ्यांचे नखरे नव्या नवरीचे नसतील एवढे. गोळी घेतली की थोड्या वेळानं भावाची हिरवी भिंत निळसर चमकायला लागायची, ट्यूबलाइटभोवती कडं दिसायचं. आणि उन्हात जायचं नाही, कातडी भाजून निघते. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आम्ही मोठ्या ऐटीत सांगतो, पण परभणीत राहून ऊन टाळायचं कसं हे काही कुणी सांगत नाही. मार्चमध्ये मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, डोक्यावर स्कार्फ आणि हातात काळी छत्री घेऊन तपासणीला जायचे. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, पाऊस न्हाई हो." मला त्याला खूप काही म्हणायचं होतं, पण मी नुसती बसले.

कारण तोपर्यंत मला गप्प राहायची सवय लागली होती. डॉक्टरबाई म्हणत होत्या, भोक भरत आलंय, वण राहील पण श्वास चांगला आहे, बोला, चाला, जिने चढा. पण मला धीर होईना. तीन शब्द बोलायचे आणि थांबायचं. कोण जाणे, चौथ्या शब्दाला हवा पुरली नाही तर? भाऊ म्हणायचा, ताई किती शांत झाली. मला त्याच्या तोंडात मारावंसं वाटायचं.

गावातून बातम्या यायच्या. मास्तरणीला खेडं नको झालं. म्हातारीच्या बिछान्याला नाकं मुरडली. आत्या फोनवर येत नव्हती. नवरा फोन तिच्याकडं न्यायचा, तर म्हणायची, "बरी हाय ना? मंग बास."

एप्रिल लागल्यावर घरी गेले. फाट्यावर उतरून छत्री उघडली. आत्या ओसरीवर तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"आलीस."

"आले, आत्या."

"पाणी हाय माठात."

बस. एवढंच. उशिरा आले म्हणून नाही, छत्रीवरून नाही, वाळून काटकी झाले त्यावरून नाही. मांजरीचासुद्धा विषय नाही. पाहुण्याशी बोलावं तसं बोलली. दवाखान्यातल्या सुयांनी झालं नाही तेवढं मला तिथं दुखलं.

आतल्या खोलीत गेले. पांढरी स्वच्छ भिंत, मोकळी जमीन, खिडकी उघडी. मधोमध खाट, आणि खाटेवर एक भली मोठी नवी उशी, तक्क्याएवढी. खोळ मी लगेच ओळखली. ज्या लुगड्यावर मला निजवलं होतं तेच, नीट कापून, बारीक टाक्यांनी शिवलेलं.

दारात आत्या येऊन उभी राहिली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला उताणं निजता येत न्हाई म्हनं. टेकायला केलीय." मग म्हणाली, "गाडीत भरताना एक गाठोडं मागं ठेवलं व्हतं मी. तुला खाज येती ना, म्हून हातानं समदी सरकी काढली, कचरा काढला. दोन महिने बसले व्हते येचत."

मी वाकून उशीला नाक लावलं. तोच वास, जुन्या गोधडीचा.

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण ते मी ठरवून केलं नाही. मी ओरडले.

"आत्या, आदी ती उशी बाहेर फेका, अन् तोंडाला पदर बांधा, दोन महिने हा कापूस नाकाशी धरून बसला होता, येड लागलंय का तुमाला, ह्याच कापसातली बुरशी माझ्या छातीत शिरली म्हणून तिथं भोक पडलं, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की हा घरात ठेवायचा न्हाई, म्हणून मी विकायला लावला, वैताग-बिताग मला काही आला नव्हता, तुमी मनाला लावून घ्याल म्हणून मी खोटं बोलले, सगळ्या गावाच्या शिव्या खाल्ल्या, अन् तुमी त्याचीच उशी करून माझ्या डोक्याखाली ठेवायलाव!"

बाहेर सूप उलटलं असावं, कोंबड्या धावल्या. नवरा दारात आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. आत्या जिथं होती तिथंच खाली बसली.

"मी निजवलं, त्यानं झालं?"

माझा सगळा आवेश गेला. मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "आत्या, फ्लूनं आतून सगळं सोलून ठेवलं होतं. एरवी त्या कापसानं काही झालं नसतं. आजवर किती लेकरं निजली त्यात. अन् कापसामुळंच झालं असं डॉक्टरबाईसुद्धा नक्की सांगत न्हाईत."

ती जमिनीकडं बघत होती. म्हणाली, "म्हंजी तू मपल्यावर रागावली न्हवतीस?"

"न्हाई ओ."

"मपल्या हाताची किळस बी आली न्हवती तुला?"

"आत्या!"

मग ती रडायला लागली. मी या बाईला सासरे गेले तेव्हासुद्धा असं रडताना पाहिलेलं नाही. पदर तोंडात धरून, खांदे हलवत.

"सांगायचं आसतं गं," ती म्हणाली. "मपली लेक गेली तव्हा बी मला कुणी काय सांगितलं न्हाई. कारखान्याच्या दवाखान्यात नेली, डागदर ह्यांच्याशी बोलला, हे बाहीर आले अन् म्हनले, चल. काय झालं व्हतं तिला, त्यांनी मरस्तोवर सांगितलं न्हाई. मला तरास व्हईल म्हून! मंग मीच ठरवलं, थंडी लागली. मीच टाकून गेले व्हते ना तिला. आता तू बी तसंच केलंस. दोन महिने सरकी येचता येचता मी हेच म्हनायचे, मपल्यात असं काय वंगाळ हाय की हिला मपला बिछाना नको झाला. एका शब्दानं सांगितलं आसतंस तर त्यो कापूस मी पदरात भरून भाईर नेला आसता."

आम्ही तिला वाचवत होतो म्हणे! मी तिचे हात धरले. सरकी काढून काढून तिच्या बोटांची टोकं चिरली होती.

जरा वेळानं तिनं डोळे पुसले, उठली, उशी हाताच्या अंतरावर धरून चुलीकडं निघाली. "जाळते हिला."

"जाळू नका!" मी मागून ओरडले. "धूर कोण खाईल? तो पण छातीतच जाईल की! खड्डा करून पुरा उकिरड्यापलीकडं, अन् तुमी न्हाई, तुमच्या लेकाला सांगा, अन् त्याला तोंडाला फडकं बांधायला सांगा, अन् तुमी आधी आंघोळ करा अन् उद्या माझ्याबरोबर नांदेडला चला, तुमची पण छाती दाखवून आणू, दोन महिने नाकात घेतलंय तुमी!"

"आली मोठी डागदरीण! मपल्या छातीला काय धाड भरली? ऊस तोडलाय म्या, तुज्यावाणी खुर्चीत बसून..."

ती बोलता बोलता थांबली. उशी तशीच हातात. माझ्याकडं टक लावून बघायला लागली, आधी तोंडाकडं, मग छातीकडं.

"आगं," ती म्हणाली, "तू मघापासून बोलायलीस, अन् कुटं थांबली बी न्हाईस."

मी छातीवर हात ठेवला. खरंच होतं. श्वास आत जात होता, बाहेर येत होता, आणि पुढच्या वाक्याला उरत होता. मला ते कळलंच नव्हतं.

आत्याचे डोळे परत भरून आले. उशी तिनं अंगणात भिरकावली आणि उंबऱ्यावर बसली. "बोल," ती म्हणाली. "आजून बोल."

मी बोलले. दुधापासून सुरुवात केली, मांजरीवर आले, मग तिच्या लेकावर. तिनं मधेच माझ्या माहेराला हात घातला, मी तिच्या सैपाकाला. शेजारीण भिंतीवरून डोकावून, काय झालं म्हणून विचारायला लागली. माझा नवरा तिला म्हणाला, "काही न्हाई, बरी झाली," आणि उशी पुरायला खोरं घेऊन निघाला.